वीतभराचा फरक

नदीच्या कडेने पूर अडवणारी भिंत बांधायचं ठरलं आणि त्यासाठी जमिनीच्या उंच्या घेण्याचं काम तिच्याकडे आलं. मोजणी कार्यालयात तंत्रज्ञ म्हणून तिला चौदा वर्षं झाली होती. काम नेहमीचंच होतं. जुन्या पुलाच्या खांबावर एक खूण होती, तिची उंची फार पूर्वीपासून पक्की ठाऊक होती. तिथून निघायचं, लेव्हल यंत्राच्या दुर्बिणीतून स्टाफवरचे, म्हणजे उभ्या धरलेल्या मापपट्टीवरचे, आकडे वाचत दोन किलोमीटर चालायचं आणि पंपघराच्या भिंतीत ठोकलेल्या पितळी खिळ्यापर्यंत पोचायचं. त्या खिळ्याचीही उंची कागदोपत्री होती. आपण मोजलेली उंची आणि कागदावरची उंची जुळली, की पुढच्या कामाला हात घालायचा.

जुळली नाही. खिळा कागदापेक्षा एकवीस सेंटिमीटर खाली निघाला.

तिने तो फरक आधी स्वतःच्याच माथी घेतला. कुठेतरी आकडा चुकीचा वाचला असेल, नाहीतर लिहिताना गफलत झाली असेल. दुसऱ्या दिवशी ती परत गेली. स्टाफ धरायला तिच्याबरोबर एक पन्नाशीचे गृहस्थ असत. तासन्‌तास न हलता उभे राहत म्हणून सगळं कार्यालय त्यांना ‘खांब’ म्हणायचं, आणि त्यांनाही ते आवडायचं. फक्त तोंडाच्या बाबतीत ते नाव त्यांना लागू नव्हतं.

“ताई, काल मी हललो असेन असं म्हणायचंय का तुम्हाला?”

“मी काहीच म्हणत नाहीये.”

“नाही, पण परत मोजतोय म्हणजे कुणावर तरी संशय आहेच की.”

“माझ्यावर आहे. सरळ धरा.”

दुसऱ्या दिवशीही एकवीस. तिसऱ्या दिवशी तिने यंत्र बदललं, परतीचीही मोजणी केली, संध्याकाळी पुलाशी येऊन हिशेब बंद केला. पुलापासून पुलापर्यंत चार मिलिमीटरचा फरक. म्हणजे मोजणी चोख. खिळा मात्र एकवीस सेंटिमीटर खालीच.

“पंपघर खचलं असेल,” खांब म्हणाले.

“एवढं खचलं असतं तर दारं लागली नसती. पाइप तुटले असते.” तिने भिंतीवरून हात फिरवला. कुठे साधी चीरसुद्धा नव्हती.

म्हणजे खिळा होता तिथेच होता. त्याची उंची पहिल्यांदा ठरवणाराच चुकला होता. आणि ती उंची कुणी ठरवली होती, हे तिला शोधायला जावं लागणार नव्हतं.

तिचे वडील त्याच कार्यालयात पस्तीस वर्षं होते. निवृत्त होऊन दहा-अकरा वर्षं झाली तरी त्यांचं नाव निघालं की लोक ‘बिनचूक’ म्हणत. “हे बिनचूकांनी मोजलंय” म्हटलं की वाद संपायचा. ती नोकरीला लागली तेव्हा पहिलं वर्षभर त्यांच्याच हाताखाली होती आणि ‘बिनचूकांची मुलगी’ ही ओळख तिला कित्येक वर्षं पुरली. कधी जाचलीसुद्धा. त्यांचा एकच धोशा असे, की जिथून निघालात तिथे परत येऊन मिळवल्याशिवाय मोजणी झाली असं म्हणायचं नाही. एकदा पावसात भिजत, ताप अंगात असताना त्यांनी परतीचे तीन किलोमीटर पुरे केले होते. ही गोष्ट कार्यालयात अजून सांगतात.

दप्तरखान्यात तिने बाबांचं चौदा वर्षांपूर्वीचं फील्डबुक, मोजणीची वही, काढलं. पंपघराच्या मोजणीचं पान तिला तोंडपाठ म्हणावं इतकं माहीत होतं. नव्याने लागलेल्यांना नोंदी कशा ठेवाव्यात हे दाखवायला ती स्वतः तेच पान उघडत असे. सुबक, एकसारखे आकडे. कुठे खाडाखोड नाही. सकाळी साडेआठला पुलावरून सुरुवात, बाराला पंपघर. दुपारी एकला परतीची सुरुवात, चार वाजून दहा मिनिटांनी पूल. येण्याजाण्यातला फरक तीन मिलिमीटर.

आकडे दाखवताना वरच्या तारखेकडे तिचं कधी लक्षच गेलं नव्हतं. आता ती तारखेकडे बघत राहिली. मग आपल्या डाव्या मनगटाकडे.

ती तारीख ती विसरणं शक्य नव्हतं. नोकरीचा दुसरा महिना. स्टाफ तीच धरत होती. बाराच्या सुमारास पंपघरापाशी शेवटचा आकडा घेऊन झाला आणि हात धुवायला म्हणून ती नदीच्या पायऱ्या उतरली. शेवाळावरून पाय सटकला. मनगट असं वाकडं झालं की बघवेना. बाबांनी यंत्र पंपघराच्या रखवालदाराच्या स्वाधीन केलं आणि तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. क्ष-किरण, वाट बघणं, प्लास्टर. घरी यायला संध्याकाळचे सहा वाजले होते आणि बाबा सबंध वेळ तिच्या शेजारी होते.

मग दुपारी एक ते चार दहा या वेळात नदीकाठाने कोण चाललं होतं?

पानाचा दुसरा अर्धा भाग तिने पुन्हा वाचला. आता तिला दिसलं की पहिल्या अर्ध्यात अंगठ्याचा एक मातकट डाग आहे, दोन ठिकाणी पेन अडखळलंय. दुसऱ्या अर्ध्यात तसं काहीच नाही. बसून, कोरड्या हाताने, सावकाश लिहिल्यासारखं. इतक्या वर्षांत तिने हाच भाग नमुना म्हणून दाखवला होता.

रविवारी सकाळी ती आईवडिलांकडे गेली. बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चष्मा नाकावर ओढून कुठल्यातरी घड्याळाचं पोट उघडून बसले होते. निवृत्तीनंतर त्यांनी हा उद्योग लावून घेतला होता. आई ओट्याशी भाजी चिरत होती. लेकीने आडवळण घेतलं नाही. फील्डबुकाच्या पानाची प्रत टेबलावर ठेवली.

“बाबा, पंपघराचा खिळा एकवीस सेंटिमीटरने चुकलाय.”

“कोणाचा?”

“आपला.”

त्यांनी पान उचललं नाही, नुसतं वाचलं. “तू नीट मोजलंस?”

“तीनदा. परतीसकट.”

“मग पुलाची खूण हलली असेल.”

“तीही तपासली. दुसऱ्या दोन खुणांवरून.”

“आम्ही परत येऊन मिळवलं होतं,” ते म्हणाले. “तीन मिलिमीटर. लिहिलंय की इथे.”

खोलीत आईच्या सुरीचा आवाज तेवढा चालू होता. तोही थांबला.

“कुठल्या दिवसाचं बोलताय?” आईने विचारलं. “हिचा हात मोडला त्या दिवसाचं?”

बाबांनी पान हळूच बाजूला सरकवलं.

“अहो, त्या दिवशी दुपारी तुम्ही दवाखान्यात होतात. मी डबा घेऊन आले होते. तुम्ही बाकावर बसून वहीत काहीतरी लिहीत होतात. मी म्हटलं सुद्धा, पोरगी आत ओरडतेय आणि तुमची आकडेमोड काही सुटत नाही.”

बाबांनी चष्मा काढला. घड्याळाचे सुटे भाग एका वाटीत भरले, वाटीवर झाकण ठेवलं आणि उठून बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. त्या दिवशी ते जेवले, पण बोलले नाहीत. निघताना ती म्हणाली, “येते बाबा.” त्यांनी मान हलवली. ती परतीच्या वाटेवर होती तेव्हा तिला त्यांचा राग आला होता, आणि आपल्याला राग आला याचं वाईटही वाटत होतं.

दोन दिवसांनी सकाळी सातला त्यांचा फोन आला. “आज यंत्र मिळेल का तुझं? मला चालत जायचंय.”

“कुठून कुठे?”

“पुलापासून. आणि परत.”

खांबांना तिने दुसऱ्या कामावर पाठवलं. पुलाजवळ बाबा आधीच येऊन उभे होते. डोक्यावर जुनी टोपी, हातात स्वतःची छत्री, ती यंत्रावर धरायला. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला दोन किलोमीटर जाणं आणि दोन येणं सोपं नव्हतं. पण त्यांनी तिला यंत्राला हात लावू दिला नाही. “तू स्टाफ धर,” म्हणाले. “त्या दिवशी तूच होतीस.”

सुरुवातीला त्यांना यंत्र समपातळीत आणायला वेळ लागला. तिसऱ्या-चौथ्या ठिकाणानंतर मात्र हात बसला. ते आकडा वाचत, मोठ्याने उच्चारत, लिहीत, पुन्हा वाचत. तिला त्या आवाजाची आठवण झाली. कित्येक वर्षांत तो ऐकला नव्हता. एरवी घरी ते हळू बोलत.

वाटेत एका वडाखाली बसल्यावर ते पाणी प्यायले आणि त्यांनी आपणहून सुरुवात केली.

“दुसऱ्या दिवशी नकाशा पाठवायचा होता. मी म्हटलं, सकाळची मोजणी माझी आहे, चुकायची नाही. परतीचे आकडे बसवून टाकू. येत्या रविवारी येऊन खरी परतीची मोजणी करू आणि गुपचूप पान बदलू. पहिल्या रविवारी तुझा हात सुजला होता. दुसऱ्या रविवारी काय होतं आठवत नाही. मग नकाशा छापूनच आला.” त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. “आणि मग गंमत बघ. चार-पाच वर्षांनी मला खरंच वाटायला लागलं की आपण गेलो होतो. ऊन कसं होतं तेसुद्धा आठवायचं.”

“पण बाबा, सकाळीच चूक झाली ना? ती माझी असू शकते. तो स्टाफ घडीचा होता. वरचा भाग ओढून खट्‌ आवाज येईपर्यंत लावायचा असतो. मी नवीन होते. एखाद्या ठिकाणी नीट बसला नसेल, आणि खाली सरकला असेल वीतभर.”

“असेल.”

“म्हणजे चूक माझी.”

“नवीन पोरीच्या हातून असं होणारच. म्हणून तर परत यायचं असतं.” ते गुडघ्यांवर हात रेटून उठले. “चूक कुणाची का असेना, ती पकडणं माझं काम होतं. ते मी केलं नाही. उगाच वाटून घेऊ नकोस.”

तिला वाटलं, हे वाक्य त्यांनी दोन दिवस घासून पुसून ठेवलं असणार. ती स्टाफ उचलून पुढच्या ठिकाणाकडे निघाली.

खिळ्याशी पोचले तेव्हा उंची निघाली ती तिने मोजलेल्या उंचीशी तीन मिलिमीटरांच्या आत जुळत होती. परत पुलाशी आले तेव्हा साडेचार वाजून गेले होते आणि बाबांचा चेहरा पार उतरला होता. त्यांनी पानावर सही केली, तारीख घातली, आणि घरी गेल्यावर एक अर्ज लिहिला. त्यात सबबी नव्हत्या. मुलीच्या हाताचा उल्लेखही नव्हता.

तो अर्ज घेऊन ते स्वतः कार्यालयात आले. कार्यालयाचे साहेब वयाने तिच्याहून लहान होते. त्यांनी उठून बाबांना खुर्ची दिली, चहा मागवला, अर्ज वाचला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

“काका, हे कशाला लिहून देताय? नवी उंची आम्ही आतापासून वापरू. जुनं उकरून काय मिळणार? एकवीस सेंटिमीटर म्हणजे किती? वीतभर.”

“वीतभर,” बाबा म्हणाले. “त्या खिळ्यावरून पूररेषा आखली आहे.”

पूररेषा म्हणजे मोठा पूर आला तर पाणी जिथवर येईल ती नकाशावरची निळी रेघ. रेघेच्या आत घर बांधायला परवानगी नाही, बाहेर आहे. खिळा कागदावर वीतभर उंच, म्हणून त्यावरून मोजलेली आजूबाजूची जमीनही कागदावर वीतभर उंच. पंपघरामागे जमीन इतकी सपाट आहे की वीतभराने रेघ शंभर पावलं सरकते. आणि त्या शंभर पावलांत गेल्या दहा वर्षांत एक वसाहत उभी राहिली होती.

“किती घरं?” साहेबांनी विचारलं.

“अडतीस,” ती म्हणाली. तिने आधीच नकाशावर मोजली होती.

साहेबांनी अर्ज पुन्हा एकदा वाचला. माणूस वाईट नव्हता. आपल्या पहिल्याच वर्षात हे निघावं याचा त्यांना वैताग आला होता आणि तो त्यांनी लपवलाही नाही. “तुम्हाला कळतंय ना,” ते तिला म्हणाले, “तुमचं नावही त्या पानावर आहे. चौकशी लागेल. आणि लोक काय म्हणतील, ते मी सांगायला नको.”

“लागू दे,” ती म्हणाली.

चौकशी लागली. सहा महिने चालली. बाबांना दोनदा बोलावलं, त्यांनी दोन्ही वेळा तेच सांगितलं. तिच्या सेवापुस्तकात ठपका लिहिला गेला आणि पुढची बढती थांबली. दप्तरखान्यातलं ते पान लाखबंद पाकिटात गेलं. कार्यालयात ‘बिनचूक’ हे नाव काही दिवस कुणी उच्चारलं नाही. नंतर एकदा तिच्या कानावर ते चेष्टेने आलं. खांबांनी त्या माणसाशी महिनाभर अबोला धरला. त्यांच्यासारख्या बोलक्या माणसाला ते किती जड गेलं असेल, हे तिला ठाऊक होतं.

पण ते सगळं नंतरचं. आधी अडतीस घरांच्या उंबऱ्यांच्या उंच्या घ्यायच्या होत्या. कुणाच्या दारात किती पाणी येऊ शकतं हे सांगायचं तर प्रत्येक दाराशी जायला हवं. ते काम तिने मागून घेतलं. पहिल्या दिवशी बाबाही आले. ती नको म्हणत होती. “मी यंत्राला हात लावणार नाही,” ते म्हणाले, “नुसता उभा राहीन. कुणाला शिव्या द्यायच्या असतील तर समोर माणूस असावा.”

शिव्या मिळाल्या. एका घरातल्या काकांनी दार लावून घेतलं आणि आतून ओरडून सांगितलं की आमच्या घराला काही झालेलं नाही, तुम्ही लोक उगाच घर बदनाम करताय. एका तरुण बाईने शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे मी माझ्या बाळाची खोली खाली केली, ती चुकली का?” बाबांनी “हो” म्हटलं. तिने विचारलं, “तुम्ही कोण?” ते म्हणाले, “ज्याने चूक केली तो.” ती आत निघून गेली. रागावली की काय, कळलं नाही. पुढच्या आठवड्यात त्या घराच्या वरच्या खिडकीला नवे पडदे दिसले.

संध्याकाळी परतताना बाबा पायवाटेच्या कडेला थांबले. तिला वाटलं, दम लागला. ते रडत होते, खिशातला रुमाल न काढता, शर्टाच्या बाहीनेच डोळे पुसत. ती त्यांच्या शेजारी उभी राहिली. तिने त्यांच्या हातातली छत्री घेतली. थोड्या वेळाने दोघं पुन्हा चालायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून तिने त्यांना घरी ठेवलं. रागाने नाही, त्यांचे पाय सुजले होते.

नवी पूररेषा जाहीर झाली. अडतीस घरं पाडावी लागली नाहीत, पण त्यांना वर वाढवायची किंवा पुढे खोली काढायची परवानगी बंद झाली. भिंत वसाहतीपाशी पाचव्या वर्षी पोचायची होती, ती तिथे आता पहिल्या वर्षीच बांधायचं ठरलं, आणि पुराचा भोंगा वाजल्यावर आधी कुणाला हलवायचं त्या यादीत ही वसाहत वर गेली. पूर अजून आलेला नाही. येईल की नाही, कधी येईल, कुणालाच ठाऊक नाही. वसाहतीतली काही माणसं तिला बघून अजून तोंड फिरवतात. ती त्यांना दोष देत नाही.

वसाहतीत एक शिंपीण राहते. पुढच्या खोलीत तिची तीन शिवणयंत्रं, कापडांचे गठ्ठे, कोपऱ्यात इस्त्री. भिंतीचं काम सुरू झाल्यावर खांबांना घेऊन ती आखणी तपासायला गेली होती, तेव्हा या बाईने दारातूनच हाक मारली.

“ओ मोजणीवाल्या ताई! जरा आत या.”

ती गेली. बोलणी खायची तयारी ठेवूनच गेली.

“मला ते कागदावरचं काही कळत नाही,” शिंपीण म्हणाली. “माझ्या ह्या भिंतीवर रेघ मारून द्या. तुमचं ते मोठं पाणी इथे कुठवर येईल?”

तिने बाहेर यंत्र लावलं, खांबांना आत उभं केलं, आणि वाचून-ताडून खडूने भिंतीवर एक आडवी रेघ ओढली. जमिनीपासून वीतभराला जरा कमी. शिंपीण रेघेपाशी उकिडवी बसली आणि पंज्याने जमिनीपासून माप घेऊ लागली, कपड्याचं घ्यावं तसं.

“एवढंच? मी म्हटलं गळ्यापर्यंत असेल. रात्रंदिवस डोक्याला घोर लावलात.” ती उठली. “मग इथून इथवर ओटा घालते आणि यंत्रं वर ठेवते. पाय कसे पोचतील तेवढं बघावं लागेल. स्टूलही उंच करावं लागेल.”

“रेघेच्या बरोबरीने नको,” ती खडू ठेवत म्हणाली. “दोन विटा वर घ्या.”

“का? तुमचं माप कच्चं आहे?”

“माप पक्कं आहे. पाणी मोजून येत नाही.”

शिंपीण हसली, आणि खांबांना म्हणाली, “तुम्ही काय असे उभे? बसा की.” खांब स्टाफ भिंतीला टेकवून गठ्ठ्यावर बसले आणि तिला ओट्याच्या विटा कशा लावाव्यात ते समजावून सांगायला लागले. त्यांना त्यातलं काही येत नव्हतं. ती यंत्र खोक्यात ठेवून दाराशी थांबली होती. तेवढ्यात शेजारच्या घराचं दार उघडलं आणि पहिल्या दिवशी ओरडलेले काका बाहेर आले. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. स्टाफकडे बघत म्हणाले, “इकडेही मारून जा एक रेघ. आलाच आहात तर.”